खंडेनवमीनंतर आलेली पिन

मलकपेठ, हैदराबाद
२७ ऑक्टोबर २०२५

सायली,

आशीर्वाद आहेतच. पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. हातात फोन असताना आत्या स्पीड पोस्टानं का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर बोलायची सोय नाही. भिंतीपलीकडे भामा राहते, तिला माझ्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा पाठ आहेत. आणि कॉम्प्युटरवर लिहायची मला आता भीती वाटते, त्याचंच हे रडगाणं आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे ठाऊक आहे. लागू दे.

वीज कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून मी विद्यानगरचं आपलं मराठी वधूवर केंद्र सांभाळते. मुलामुलींचं शिक्षण, नोकरी, पत्रिका केंद्रात येणाऱ्या सगळ्यांना बघायला मिळते. पण काही गोष्टी आईबाप फक्त मला सांगतात. कुणाचं आधी मोडलेलं असतं, कुणाला औषध चालू असतं. ते मी वेगळ्या फाईलला कुलूप लावून ठेवते आणि त्याचा पासवर्ड एकट्या माझ्याकडे असतो. दोन्ही घरं एकमेकांना पसंत पडली की, ठरवाठरवीच्या आधी, मी स्वतः त्या घरी जाते आणि समोर बसून सांगते. लपवायचं नाही, पण चव्हाट्यावरही आणायचं नाही, असा माझा नियम.

कुकटपल्लीची तेजश्री म्हणून मुलगी आहे, शाळेत गणित शिकवते. तिला लहानपणापासून फिट येते. आता गोळ्यांनी आटोक्यात आहे. एका चांगल्या घरी जमत आलं होतं, दिवाळी झाली की मी जाणार होते. त्याआधीच मुलाकडच्यांना कुठल्याशा नंबरवरून मेसेज गेला, त्यात आजाराचं नाव, गोळीचं नाव, सगळं. त्यांनी फोनवरच मोडलं. आणखी दोन घरांचं असंच बाहेर आलंय.

लोक म्हणतात, त्रिवेणीताईंनीच फोडलं. तेजश्रीची आई रस्त्यात दिसली तर मान फिरवते. ३० नोव्हेंबरला वार्षिक सभा आहे, तिथं मला काढायचा ठराव येणार. खुर्ची गेली तर जाऊ दे, पण चुगलखोर म्हणून गेले तर ह्या गावात तोंड कुठं दाखवू? तू ह्याच धंद्यात आहेस म्हणून विचारते. माझ्या कुलपातून हे गेलं कसं?

तुझी,
आत्या


पुणे
२ नोव्हेंबर २०२५

डिअर आत्या,

तुझं पत्र वाचायला अर्धा रविवार गेला, आणि उरलेला अर्धा हे लिहायला. मोबाईलवर मराठी टाइप करता येतं गं, पेनानं लिहायची सवय गेली. अक्षराला हसू नको.

माझं काम तुला माहितेय. कंपन्या आम्हाला पगार देऊन स्वतःच्याच घरात चोरी करायला लावतात, मग भोक कुठे होतं ते आम्ही सांगतो. त्या अनुभवावरून सांगते, राग मानू नको. नव्वद टक्के वेळा चूक आपल्याच माणसाची असते. तुझा पासवर्ड काय आहे? सांगू नको, पण बाबांचं नाव, तुझी जन्मतारीख, गणपती, असलं काही आहे का? कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवलीयेस? कुणी "ताई, तुमचं खातं बंद पडणार" असा फोन केला नि तू सगळं सांगून टाकलंस का? एखाद्या लिंकवर क्लिक केलंस? भामाकाकूंसमोर टाइप करताना मोठ्यानं म्हणतेस का? (बाबा म्हणतात, तू पाढे मोठ्यानं म्हणायचीस.)

नीट आठव आणि लिही. चूक सापडली की सगळं सोपं होईल.

तुझीच,
सायली


मलकपेठ
६ नोव्हेंबर २०२५

सायली,

तुझं पत्र वाचून राग आला. चहा पिऊन पुन्हा वाचलं, तरी आला. म्हणून आधी राग लिहिते आणि मग कामाचं.

माझा पासवर्ड म्हणजे अख्खं वाक्य आहे. ते कुठल्या पुस्तकात नाही, कुणाच्या तोंडी नाही, आणि त्याला धड अर्थही नाही. हंडा, वकील, पेरू असल्या एकमेकांशी देणंघेणं नसलेल्या शब्दांची मोट आहे. दर संक्रांतीला आणि दर नागपंचमीला बदलते. कुठं लिहून ठेवलेलं नाही. जागेवरून उठताना कॉम्प्युटरचा पडदा बंद करते, अगदी दार वाजलं म्हणून उठले तरी. त्या मशीनला इंटरनेटच नाही, मीच जोडू दिलं नाही. कमिटीनं मला मागासलेली म्हणून पाहिलं, म्हटलं खुशाल म्हणा. मग लिंक कुठली आणि क्लिक कसलं? फोनवर खातं बंद पडायची धमकी देणाऱ्याला मी उलट त्याचं नाव-गाव विचारत बसते, तोच फोन ठेवतो. आणि पाढे मी सातवीपर्यंतच मोठ्यानं म्हणत होते, असं तुझ्या बापाला सांग.

राहिलं केंद्र. एकच खोली आहे, मागं लहानसं स्वयंपाकघर. आलेल्या माणसाला मी चहा पाजल्याशिवाय पाठवत नाही आणि चहा मी स्वतःच करते. पोराचं लग्न जमवायला आलेली माणसं आधीच परेशान असतात, त्यांना टपरीवरचा पाजायचा का? तेवढ्यापुरतं पाहुणा खोलीत एकटा बसतो. पण पडदा बंद असतो, ते वर लिहिलंच आहे.

आता बोल.

आत्या


पुणे
१० नोव्हेंबर २०२५

आत्या,

सॉरी. मनापासून सॉरी. तुझं पत्र मी ऑफिसात आमच्या टीमला वाचून दाखवलं. केंद्राचं, माणसांचं नाव न घेता, फक्त पासवर्डचा भाग. आमचे सर म्हणाले, ह्या बाईंना इकडे घेऊन या. लाखो रुपये पगार घेणारे मोठे अधिकारी मुलाच्या नावापुढं एक-दोन-तीन लावून मोकळे होतात, आणि तू संक्रांतीला पासवर्ड बदलतेस. मला इतका अभिमान वाटला की दिवसभर मिरवत होते.

पण तुझ्या पत्रातला चहा वाचून मी थांबले. आत्या, पासवर्ड दुरून येणाऱ्या माणसाला अडवतो. मशीन ज्याच्या हाताशी आलं, त्याच्यापुढं त्याची ताकद अर्धी होते. पडदा बंद असला म्हणून काय झालं, मशीनची पाठ तर उघडी असते ना. बोटाच्या पेराएवढी एक वस्तू मिळते. कीबोर्डची पिन सीपीयूतून काढायची, ही वस्तू मध्ये घालायची, तिच्यात कीबोर्डची पिन खोचायची. संपलं. मग तू जे जे टाइप करशील, त्यातलं अक्षर न् अक्षर त्या वस्तूत साठतं. पासवर्ड कितीही लांब असू दे, टाइप तर तुला करावाच लागतो. पुढच्या वेळी तो माणूस येतो, शेजारी बसून मोबाईलवर सगळं उतरवून घेतो. तू चहा करत असताना तुझाच पासवर्ड घालून तुझी फाईल उघडतो.

टेबलाखाली वाकून मागं बघ. कशालाही हात लावू नको, काढू नको. आणि तोवर ती कुलपाची फाईल उघडू नको.

सायली


मलकपेठ
१५ नोव्हेंबर २०२५

सायली,

आहे.

गुडघे कुरकुरत होते, तरी टेबलाखाली बसून टॉर्चनं बघितलं. कीबोर्डच्या वायरीच्या टोकाला काळी, बुटकी पिन आहे. तू सांगितलं नसतंस तर मला ती वायरीचाच भाग वाटली असती, आणि कमिटीपुढं कुणीही म्हणेल की ती पहिल्यापासूनच होती.

पण ती पहिल्यापासून नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. दर खंडेनवमीला मी मशीनची पूजा करते. नुसतं वरून फूल ठेवून नाही. सगळ्या वायरी काढते, फडक्यानं पुसते, प्रत्येक वायरीच्या टोकाला कुंकवाचं बोट लावते आणि परत जोडते. राणी म्हणून झाडलोट करणारी बाई आहे, ती दरवर्षी हसते, की आजी वायरला कोण कुंकू लावतं. तर आज मॉनिटरच्या टोकाला कुंकू आहे, माउसच्या आहे, प्रिंटरच्या आहे, कीबोर्डच्या आहे. मधल्या त्या काळ्या पिनेला नाही. म्हणजे ती दसऱ्यानंतर आली.

दसऱ्यानंतर पाहुणे थोडेच आले, दिवाळीमुळे. त्यांत माझ्या खुर्चीत बसलेला एकच. उदय. तो अप्पारावांचा भाचा. अप्पाराव म्हणजे आमचे अध्यक्ष, देवमाणूस, पण भाच्यापुढं आंधळे. ह्या उदयनं कुकटपल्लीत स्वतःची लग्न जुळवायची कंपनी काढली आहे, "आम्ही घराण्याची पूर्ण चौकशी करून देतो" अशी जाहिरात करतो. दर शनिवारी येऊन म्हणतो, "काकू, तुमी एकट्या किती करता, मी मदत करून राहिलो ना." आणि चहा तोच मागून घेतो. ज्या तीन घरी मेसेज गेले, त्या तिन्ही घरी मागाहून ह्याचं कार्ड पोचलं. हे मला आता दिसतंय.

दिसतंय, पण दाखवू कसं? तो म्हणेल, म्हातारीनंच ती पिन लावली. काय करू सांग.

आत्या


पुणे
१९ नोव्हेंबर २०२५

आत्या,

कुंकवाचं वाचून मी खुर्चीतून उठलेच. मोठ्या कंपन्यांत मशीनच्या पाठीला खास सील लावतात. कुणी छेडछाड केली तर कळावं म्हणून. ते सील महाग असतं आणि लोक ते बघायला विसरतात. तू ते वर्षानुवर्षं करत आलीस, आणि बघायलाही विसरली नाहीस. आत्या, मी तुझी फॅन झालेय.

आता ऐक. पिन तशीच राहू दे. आपण तिला काहीतरी खायला घालू. एक खोटी मुलगी तयार कर, खोटं नाव, खोटा आजार, आणि टाइप कर. फाईल जपून ठेवू नको, टाइप करून लगेच पुसून टाक. म्हणजे ते मशीनमध्ये कुठंच उरणार नाही, फक्त त्या पिनेत राहील. आणि त्यात एक खूण ठेव, एखादी चुकीची गोष्ट जी जगात दुसरं कुणीच सांगू शकणार नाही. मग तीच गोष्ट ज्याच्या तोंडून येईल, तो चोर. तोवर तोंडावर काही दिसू देऊ नको. चहा नेहमीसारखाच कर.

सायली


मलकपेठ
२२ नोव्हेंबर, शनिवार

सायली,

खोटी मुलगी मी लिहिली नाही. बोभाटा झाला की लोक त्या आडनावाची खरी मुलगी शोधून काढतात, आणि कुठल्या तरी पोरीच्या कपाळी ते चिकटतं. असल्या कामाला मी कुणाची पोर वापरणार नाही.

एका बाईचं लिहिलं आहे, वय झालेल्या. खूण ठेवली आहे. मग पुसून टाकलं. उदय आज येऊन गेला. चहा मी नेहमीपेक्षा सावकाश केला. कोण बाई ते विचारू नकोस.

आत्या


पुणे
२७ नोव्हेंबर २०२५

आत्या,

विचारायची गरजच पडली नाही. परवा बाबांच्या मोबाईलवर तुमच्या हैदराबादच्या कुणीतरी मेसेज पुढं पाठवला. की त्रिवेणीताईंचं विसाव्या वर्षी लग्न झालं होतं, त्यांना फिट येतात हे लपवून. उदगीरच्या सासरी फिट आली आणि दुसऱ्याच महिन्यात माहेरी आणून सोडलं. म्हणून त्या दुसऱ्यांच्या मुलींचं पण लपवतात.

आत्या, तू स्वतःलाच आमिष केलंस? आणि गोष्ट काय रचलीस गं. सासर, फिट, दुसरा महिना, सगळं बेतशीर. मी जेवताना मोठ्यानं वाचलं आणि हसत सुटले, की आमच्या आत्यानं लग्न केलं नाही ते केलं नाही, पण कागदावर एक नवरा करून टाकला. बाबा हसले नाहीत. "उदगीर नव्हे," एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. तुझी बदनामी झाली म्हणून चिडले असणार. मी त्यांना सगळा प्लॅन समजावला, तरी गॅलरीत जाऊन उभे राहिले. तू त्यांच्याशी एकदा बोल.

सभेत काय झालं ते लगेच कळव. मी इथं नखं खात बसलेय.

सायली


मलकपेठ
१ डिसेंबर २०२५

सायली,

सभा झाली. पहिल्यापासून सांगते.

हॉल भरला होता. असं काही असलं की आपली माणसं वेळेवर येतात. अप्पारावांनी जड मनानं ठराव वाचला. मग उदय उठला. तो गोड बोलत होता, मला काकू म्हणत होता. म्हणाला, काकूंबद्दल आदर आहे, पण ज्यांनी स्वतः आजार लपवून लग्न केलं त्यांच्या हाती लोकांच्या मुली कशा द्यायच्या. अप्पारावांनी त्याला दटावलं, की ऐकीव बोलू नको. तेव्हा तो म्हणाला, "ऐकीव नाही मामा. मी स्वतः उदगीरला जाऊन त्यांच्या सासरच्या गल्लीत चौकशी करून आलो."

मग मी उठले. मी म्हटलं, उदय बोलला त्यातलं एक सोडून सगळं खरं आहे. मला फिट यायच्या. वडिलांनी ते लपवून मला उजवलं. सासरी पहिल्यांदा पडले त्या दिवशी त्यांना कळलं, आणि त्यांनी मला परत आणून घातलं. आम्ही तेव्हा भालकीला होतो. वडिलांना गावात राहवेना, म्हणून मलकपेठला आलो, आणि मुलीनं लग्न करायचं नाही म्हटलं असं इथं सांगितलं. हे माझ्या भावाशिवाय आज कुणाला माहीत नाही.

फक्त सासर उदगीरला नव्हतं. ते निलंग्याला होतं. उदगीरमधली कुठलीच गल्ली हे सांगू शकत नाही, कारण उदगीर मी गेल्या आठवड्यात मुद्दाम टाइप केलं आणि लगेच पुसलं. ते आता फक्त एका पिनेत आहे.

राणीनं आणि मी सकाळीच मशीन हॉलमध्ये आणून ठेवलं होतं, वायरींसकट. मी ते पाठमोरं केलं, खंडेनवमीच्या कुंकवाचं आणि त्या पिनेचं सगळं सांगितलं, आणि अप्पारावांना म्हटलं, कुंकू मोजा. चष्मा लावून त्यांनी एकेक टोक बघितलं. काळ्या पिनेशी येऊन थांबले. मग भाच्याकडं बघून एवढंच म्हणाले, "हौ रे उदय, उदगीरला कोणाच्या घरी उतरला होतास?" पोलिसांत तक्रार आज अप्पारावांनी स्वतः दिली.

ठराव बारगळला. तेजश्रीची आई माझ्याजवळ आली, हात धरून बसून राहिली.

सायली, ते तू खोटं समजून हसलीस, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मला खोटं लिहायला दुसऱ्याचं आयुष्य घ्यावं लागलं असतं, म्हणून माझं वापरलं. तुझ्या बाबाला सांग, मी बरी आहे. हलकी झाले म्हटलं तरी चालेल.

आत्या


पुणे
५ डिसेंबर २०२५

आत्या,

बाबांनी पत्र आधी वाचलं, मग मला दिलं. त्या वेळी ते बारावीत होते म्हणे, आणि तुला परत आणलं त्या दिवशी घरात तुझ्याशी फक्त तेच बोलले होते. एवढी वर्षं त्यांनी हे एका शब्दानं मला कळू दिलं नाही. मला तुम्हा दोघांचा किती अभिमान वाटतो ते लिहायला माझं मराठी पुरत नाही.

मी लोकांची गुपितं राखायचा पगार घेते. माझ्यावर कुणी आळ घेतला असता तर मी वकील केला असता, नोकरी सोडली असती, गाव सोडलं असतं. दुसऱ्या कुणाची मुलगी मध्ये येऊ नये म्हणून स्वतःचं, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं, भर सभेत उघडं करणं मला जमलं नसतं. मी हसले होते, ह्याची लाज वाटते. तुझ्यासारखं व्हायचंय, एवढंच.

ता.क. त्या फाईलचा पासवर्ड बदल. संक्रांतीची वाट बघू नको.

सायली


मलकपेठ
१२ डिसेंबर २०२५

सायली,

पासवर्ड सभेच्या दुसऱ्याच दिवशी बदलला. माझ्यासारखं होऊ नकोस, स्वभाव खडूस होतो.

काल संध्याकाळी शाळा सुटल्यावर तेजश्री आली. सडपातळ पोर, हातावर खडूची पांढरी भुकटी तशीच. मी बस म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, "त्रिवेणीताई, माझी ती कुलपातली माहिती बाहेर काढा. सगळ्यांना दिसते त्या पानावर घाला, शिक्षणाखाली. आजार, गोळी, शेवटची फिट कधी आली, सगळं. मीच लिहिते."

मी तिला समजावलं. म्हटलं, पोरी, माझा नियम आहे, मी समोर बसून सांगते, त्यात तुझा मान राहतो. जगाला वाचायला देऊ नकोस, लोक पान बघूनच नाही म्हणतील.

ती म्हणाली, "म्हणू द्या. पण मग ते मला नाही म्हणतील, माझ्या पाठीमागं कळलेल्या गोष्टीला नाही."

मी कुलूप उघडलं आणि खुर्ची तिला दिली. तिनं भराभर टाइप केलं, दोनदा वाचलं, एक चूक दुरुस्त केली आणि घरी गेली. मग मी ते पान वाचायला बसले. विसाव्या वर्षी मला असं कुणी विचारलंच नव्हतं, की तुझं तू सांगशील का. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, सायली. मी नक्की हो म्हटलं असतं.

तुझी,
आत्या